रविवारी टाइप झालेला शुक्रवारचा निर्णय

वकीलसाहेब, तुमच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी सेलूच्या तहसीलीसमोर माझ्या टेबलावर एका म्हातारीचा वारसनोंदीचा अर्ज लिहीत होतो. "भाऊ, बाबांवर स्मृतिग्रंथ काढतोय आम्ही. तुमचा लेख हवा," ती म्हणाली. मी आधी विचारलं, आणखी कोण लिहितंय. तिने दोन माजी आमदार, एक प्राचार्य आणि मंत्रालयातून निवृत्त झालेले एक सचिव सांगितले. मग विचारलं, माझा लेख कशावर. "त्या निर्णायक मतावर. तेव्हा घरात टायपिंगला तुम्हीच होता ना?" मी हो म्हटलं, फोन खिशात टाकला, म्हातारीचा अंगठा घेतला. तेव्हापासून डोक्यात दोन शंका आहेत आणि तीन आठवडे झाले तरी त्या बसलेल्या नाहीत. पहिली अशी, की आमदार-प्राचार्यांच्या रांगेत अर्जनवीस कशाला? अनुक्रमणिकेत बौद्ध वस्तीतलं एक नाव दिसलं म्हणजे ग्रंथ भरल्यासारखा वाटतो, एवढ्यासाठी? दुसरी शंका फार जुनी आहे. त्या घरात मी होतो हे हिला ठाऊक असेल, तर कुठल्या दिवशी मी काय टाइप केलं हेही हिला ठाऊक आहे का?

तुम्ही म्हणाल, लेख मागितला तर लेख दे, त्यात संशय कसला. पण संशय घ्यायला मला तुम्हीच शिकवलं. कागद हातात आला की आधी मजकूर वाचायचा नाही, तारीख वाचायची. मग सही. मग स्वतःला विचारायचं, हा कागद आजच काऊन आला? तहसीलीत तीस वर्षं मी याच तीन पायऱ्यांनी कागद बघतो आणि माझा एकही अर्ज त्रुटी काढून परत आलेला नाही. दहावी नापास माणसाच्या हातचं लिहिलेलं नायब तहसीलदार दुसऱ्यांना नमुना म्हणून दाखवतात. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो.

लेखासाठी तुमची कारकीर्द एका फुलस्केप कागदावर काढली. वर्ध्याच्या कोर्टात दिवाणी वकिली, मग नगरपालिका, मग आमदारकी, एकदा विधानसभेचे उपाध्यक्ष, शेवटच्या खेपेला अध्यक्ष, त्यानंतर पराभव आणि घर. पक्ष तुमचा जुन्या वळणाचा आणि तुम्ही पक्षाहून जुन्या वळणाचे. धोतर, बंद गळ्याचा काळा कोट. सभागृहात कॅमेरे यायला तुमचा विरोध. सदस्याने बाह्या दुमडून बोललेलं तुम्हाला चालत नसे, मग तो तुमच्या पक्षाचा मंत्री का असेना. अध्यक्ष झाल्यावरही वर्ध्यात तुम्हाला कोणी अध्यक्षमहोदय म्हटलं की तुम्ही म्हणायचे, "ते नागपूर-मुंबईला. इथे मी वकील." आणि नवीन काही सुचवलं की तुमचा ठरलेला प्रश्न असायचा: जुन्याने कोणाचं काय बिघडवलं ते आधी सांगा. हा प्रश्न मी एकदा घरी आईला सांगितला होता. ती चुलीसमोरून न उठता म्हणाली, "त्याले म्हणा, आमचं बिघडवलं. लिहून घे म्हणा."

आमचं काय बिघडलं होतं ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आमचं गाव हिंगणीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला. गावठाणाबाहेर सरकारी जमिनीवर आमची वस्ती. आजोबांनी बांधलेलं घर, पण सातबारा नाही, नमुना आठ नाही, कुठल्याच कागदावर आम्ही नाही. मी मराठी टायपिंग स्वतःच शिकलो होतो. पुठ्ठ्यावर पेन्सिलीने कळफलक काढला आणि त्यावर चार महिने बोटं चालवली. वस्तीचं निवेदन सेलूच्या एका दुकानातल्या मशीनवर बसून मीच टाइप केलं. तुम्ही मत मागायला आला होता. आमच्या अंगणात खाटेवर बसून तुम्ही ते निवेदन तारखेपासून वाचलं आणि विचारलं, "हे कोणी टाइप केलं? एक खाडाखोड नाही." आईने माझ्याकडे हात केला. मग तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "ही घरं तुमच्या नावावर व्हायलाच पाहिजेत." आईने दिलेला चहा तुम्ही घेतला. तुमची जीप वळणाआड गेल्याबरोबर आईने पहिलं काम केलं ते म्हणजे तो कप उचलून आत डोकावून बघितला. पुरता रिकामा होता. "पेला बाप्पा पुरा," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "पण मतं पाह्यजे असली म्हणजे सारेच पेतात."

निवडून आलात, अध्यक्ष झालात आणि मला बोलावलंत. तेव्हा मी वीस वर्षांचा. हिवाळी अधिवेशन नागपूरला असलं की शनिवारी संध्याकाळी तुम्ही वर्ध्याला येत आणि रविवारचा दिवस कागदांचा. पुढच्या खोलीत भेटायला येणारे, म्हणून माझी मशीन स्वयंपाकघराला लागून असलेल्या बोळात. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला काकूंचा ओटा. तुमच्या हातचे कागद मी टाइप करत असतो आणि काकू मागून म्हणतात, "अरे, त्या मशीनले जरा उसंत दे, सांबारवडी थंडी होऊन राह्यली." त्या ओट्यावरूनच कोथिंबिरीच्या त्या वड्यांची ताटली सरकवतात. ताटली घरातल्यांचीच, की वेगळी ठेवलेली, हे मी पहिल्या तीन रविवारी बघून घेतलं. घरातलीच होती. तरी चौथ्या रविवारीही बघितलं.

एकदा तुमच्या मसुद्यातलं एक वाक्य मला लंगडं वाटलं, मी ते आपल्या मनाने सरळ करून टाइप केलं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवला. "हे माझं वाक्य नाही." मी म्हटलं, साहेब, अर्थ तोच आहे. "अर्थ तोच असेल तर बदललंस काऊन? तुला हात चालवायला ठेवलं आहे. डोकं चालवायचं असेल तर समोर येऊन चालव, माझ्या पाठीमागे कागदावर नको." काकूंच्या देखत. मी कानापर्यंत तापलो. पुढच्या रविवारी तुम्ही मला विधानसभेच्या नियमांचं पुस्तक दिलंत, तुमचं स्वतःचं, समासात तुमच्या बारीक अक्षरातल्या टिपा असलेलं. ते मी पाठ केलं. आजही कुठल्या ग्रामसभेत सरपंचाचं मत कधी मोजायचं यावर भांडण लागलं तर लोक मला फोन करतात. पण आईला पुस्तक दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "त्याले तुह्ये हात पाह्यजे, तू नाई. पुस्तक देऊन हात पक्के करून राह्यला." मला राग आला होता. राग आला कारण मलाही तसंच वाटत होतं.

आता त्या रविवारवर येतो. अधिवेशनाचा शेवटला आठवडा लागणार होता. नेहमी तुम्ही हाताने लिहिलेले कागद माझ्यापुढे ठेवून निघून जायचे. त्या दिवशी कागद तुमच्या हातातच राहिला. खिडकीकडे तोंड करून उभे राहिलात आणि म्हणालात, "लिही, मी सांगतो." मी कार्बन लावला, वर उजव्या कोपऱ्यात नेहमीसारखी तारीख मारली. तुम्ही सांगत गेलात. मतं दोन्ही बाजूंना समसमान पडली आहेत. अशा वेळी निर्णायक मत देण्याचं कर्तव्य माझ्यावर आलं आहे. ज्या प्रश्नावर सभागृहाचं बहुमत झालं नाही तो अध्यक्षाने एकट्याच्या मताने पुढे नेऊ नये, आहे ती स्थिती कायम राहावी, असा पायंडा आहे आणि माझी व्यक्तिगत इच्छा काहीही असली तरी मी या पायंड्याने बांधलेला आहे. म्हणून माझं मत या विधेयकाच्या विरुद्ध. मध्ये, जिथे विधेयकाचं नाव यायला हवं, तिथे तुम्ही थांबलात. "इथे जागा सोड." मी जागा सोडली. पान काढताना कार्बन सरकून खाली डाग पडला, म्हणून मी दुसरं पान केलं आणि डाग पडलेलं घडी घालून खिशात टाकलं. तुम्ही नवं पान घेतलं, नको तितका वेळ बघितलं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. काकूंनी विचारलं, "जेवता ना?" तुम्ही जेवलात.

शुक्रवारी दुपारी सभागृहात अशासकीय विधेयकं असतात, म्हणजे सरकारने नाही, एखाद्या सदस्याने स्वतःहून आणलेली. त्या वेळी अर्धे आमदार गाड्या धरायला स्टेशनवर गेलेले असतात. त्या शुक्रवारी जे विधेयक मताला आलं ते गावालगतच्या सरकारी जमिनीवरची जुनी घरं राहणाऱ्यांच्या नावावर करायचं. मतविभाजन झालं. मतं समसमान पडली. तुम्ही उभे राहिलात, खिशातून कागद काढलात आणि वाचलात. शनिवारच्या पेपरात पहिल्या पानावर तुमचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की स्वतःच्या मतदारांच्या विरुद्ध मत देऊन अध्यक्षांनी खुर्चीची शान राखली. निर्णयाचा मजकूर चौकटीत दिला होता. मी तो हिंगणीच्या चहाच्या टपरीवर उभ्याने वाचला. शब्द न् शब्द माझ्या बोटांना ओळखीचा होता.

रविवारी टाइप केलेला कागद शुक्रवारी लागला. मतं समसमान पडणार हे तुम्हाला पाच दिवस आधी कसं माहीत? टपरीवरच कोणीतरी म्हणालं की आपल्या भागातले दोघं आमदार मतदानाच्या ऐन वेळी बाहेर चहाला गेलते. दुसरा म्हणाला, "गेलते का पाठवलते?" हसले सारे. मी हसलो नाही. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात चित्र पक्कं झालं. तुम्हाला विधेयक नको होतं. जंगलाच्या कडेच्या जमिनींवर मोठ्यांचे डोळे होते आणि ते मोठे तुमच्या पुढच्या खोलीत येऊन बसत, त्यांच्या चपला मी दारात मोजलेल्या. पण अंगणात खाटेवर बसून शब्द दिलेला. तेव्हा तुम्ही असा मार्ग काढला की विधेयक पडेल आणि हातही स्वच्छ राहतील. पायंड्याने मारलं, मी नाही. आणि तो कागद टाइप कोणी केला? ज्याचं घर जाणार होतं त्याच्या पोराने, सांबारवडी खाऊन.

चित्रात एक गोष्ट बसत नव्हती, तीही नोंदवतो. त्या मतापायी तुम्ही पुढची निवडणूक हरलात. आमच्या पट्ट्यातल्या एकूण एक वस्तीने तुमच्या विरुद्ध मत टाकलं, आईने तर जाताना डोक्याला तेल लावलं होतं. डाव खेळणारा माणूस स्वतः हरेल असा डाव खेळतो का? मी त्याचंही उत्तर शोधून ठेवलं होतं, की तुमचा अंदाज चुकला. संशयाला असं उत्तर नेहमी सापडतं.

मी तुमच्याकडे येणं बंद केलं. अर्जनवीसाचा परवाना मिळाला होता, सेलूला टेबल टाकलं. बरीच वर्षं गेली आणि एका सकाळी तुम्ही माझ्या टेबलासमोर उभे. धोतर तेच, कोट नाही, हातात काठी. आजही तुम्ही मला तिथेच दिसता, त्या निंबाच्या झाडाखाली, चार जणांच्या मागे. "कितवा नंबर माझा?" रांगेतला एक पाटील गडबडला. "अरे, अध्यक्षसाहेब आहेत. सोडा त्याईले समोर!" तुम्ही काठी हलवली. "नाही नाही. रांग रांगेसारखी चालू द्या." मी मान वर न करता म्हणालो, "बसा." आणि पुढचे चार अर्ज, देव नाही माझा पण खरं सांगतो, मी जितके सावकाश लिहिता येतील तितके सावकाश लिहिले. तुमचा नंबर आला. तुम्हाला हयातीचा दाखला हवा होता, पेन्शनसाठी, म्हणजे हा माणूस आज जिवंत आहे असं लिहिलेला कागद.

"ओळखपत्र?" मी विचारलं.

पाटील मोठ्याने हसला. "घ्या! पंचायत समितीत ज्याचा फोटो टांगला आहे त्याले हा ओळख दाखव म्हणते. आता जिवंत आहेत का ते चिमटा काढून पाह्य!"

"बरोबर विचारलं त्याने," तुम्ही म्हणालात आणि बंडीच्या खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मी नाव उतरवलं, वय उतरवलं, अर्जदार आज रोजी माझ्यासमक्ष हजर व हयात. तुम्ही सही केली. अक्षर हललेलं होतं. कागद घडी करता करता तुम्ही खालच्या आवाजात म्हणालात, "तुला मला काही विचारायचं आहे का?"

"नाही. पुढचा कोण?"

तुम्ही गेलात. तुम्ही बसस्टँडकडे वळेपर्यंत मला सुचलं नाही, की हयातीचे दाखले वर्ध्याला कचेरीसमोर दहा जण लिहून देतात. बस धरून सेलूला यायचं कारणच नव्हतं. हा प्रश्न सुचल्यावर मी त्याचाही संशय घेतला. म्हातारपणी मन साफ करायला आले असतील, म्हटलं, माझ्या खर्चाने. दोन वर्षांनी तुम्ही सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलात. अंत्ययात्रेला मी आलो होतो. चौकातून बघितली आणि परतलो.

असा माणूस आता तुमच्यावर लेख लिहिणार. मी मनाशी ठरवूनच वर्ध्याला गेलो होतो. डाग पडलेलं ते पान पाकिटात घेतलं होतं, वर तारीख असलेलं. म्हटलं, तुमच्या मुलीच्या, ताईंच्या समोर ठेवायचं आणि विचारायचं, हे छापता का ग्रंथात? घर विकायला काढलं आहे, हे तुम्हाला कळलं असेल-नसेल. काकूंचा ओटा रिकामा. माझ्या बोळात रद्दीचे गठ्ठे. ताई केस पिकलेल्या, हुबेहूब तुमच्यासारखा चष्मा कपाळावर चढवून बसलेल्या. माझ्यासमोर एक लोखंडी पेटी ओढली. "भाऊ, ही आधी बघा. मला यातलं काही समजत नाही, हसू मात्र येतं." आत फायली. वरच्या फायलीवर तुमच्या अक्षरात: न वापरलेले निर्णय.

वकीलसाहेब, हे तुम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही. उपाध्यक्ष झाल्यापासून प्रत्येक अधिवेशनात तुम्ही, सभागृहात जे जे होऊ शकतं त्याचा निर्णय आधी लिहून ठेवत होता. ताई एकेक वाचू लागल्या. सभागृहात साप निघाल्यास. सदस्याने शपथ गाऊन घेतल्यास. एकाच नावाचे दोन सदस्य एकमेकांच्या प्रश्नाला उत्तर देऊ लागल्यास. अध्यक्षांचा आवाज बसल्यास. "आणि हे ऐका," ताई डोळे पुसत म्हणाल्या, "भाषण चालू असताना सदस्याचं धोतर सुटल्यास कामकाज पाच मिनिटांसाठी स्थगित करावे, कारण नोंदवू नये!" आम्ही दोघंही त्या रिकाम्या घरात पोट धरून हसलो. मी तिथे हसायला गेलो नव्हतो.

मग ती निळी फाईल निघाली. समसमान मते. आत पुष्कळ कागद, दर अधिवेशनाचा एक, वर तारीख. मजकूर जवळजवळ तोच, जो मी त्या रविवारी टाइप केला. आधीचे कागद मी यायच्या आधीचे नाहीतर मुंबईचे, दुसऱ्या कोणाच्या मशीनवरचे. प्रत्येकात विधेयकाच्या जागी चार-पाच टिंबं. वर्षानुवर्षं तुम्ही हा निर्णय खिशात घेऊन खुर्चीवर बसत होता आणि समसमान मतं कधी पडलीच नाहीत. एकदाच पडली. टपरीवरचे ते दोघं आमदार खरंच चहाला गेले असतील. मी एका एका कागदाची तारीख तपासली, शाई तपासली, पिन गंजली आहे की नवी लावली आहे तेसुद्धा बघितलं. पेटी आता मुद्दाम तयार केलेली नव्हती. माझं चित्र, ज्यावर मी एवढी वर्षं जगलो, ते त्या पेटीपाशी मोडलं. सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. कोणीतरी माझ्या टेबलावरचा शिक्का उचलून नेला असं वाटलं.

सगळ्यात खाली त्या रविवारचा तुमच्या हातचा कागद होता, जो तुम्ही मला दिला नव्हता. त्यात टिंबं नाहीत. त्यात विधेयकाचं नाव पुरतं लिहिलेलं आणि नंतर खोडलेलं, इतकं दाबून की निब कागदात उतरली आहे. मी पान उलटं केलं. मागून अक्षरं वाचता येतात. म्हणजे डाव नव्हता. पण या खेपेला नुसता रिवाज म्हणूनही लिहिलं नव्हतं. शुक्रवारी कोणतं विधेयक आहे हे तुमच्या मनात होतं, वेळ आली तर काय करावं लागेल हे ठरलं होतं, आणि ते माझ्या बोटांनी लिहू नये म्हणून तुम्ही ते खोडलंत आणि खिडकीकडे तोंड केलंत. मला वाचवायला की स्वतःला, ते कागदावर नाही.

"काय झालं भाऊ?" ताईंनी विचारलं. मी म्हटलं, शाई पसरली आहे. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आई सांगायची, त्या रविवारी बाबा जेवले नाहीत म्हणे." मी म्हटलं, "ताई, जेवले होते. भरलं वांगं होतं आणि दोन भाकरी. मी समोर होतो." दया दाखवायची म्हणून खोटं लिहिणं मला जमणार नाही, हे त्यांना आत्ताच कळलेलं बरं. मग त्यांनी टाइप केलेली पानं हातात घेतली, आधीची आणि माझं, शेजारी शेजारी धरली आणि म्हणाल्या, "तुमच्यात रिकामी जागा एवढी मोठी कशी?" मी म्हटलं, मशीन वेगळी होती.

लेख काल दिला. पाकिटातलं डागाचं पानही सोबत जोडलं. निर्णय आधी लिहिलेला होता हे त्यात आहे, तुम्ही तो नेहमीच आधी लिहीत होता हेही आहे, आणि विधेयकाचं नाव लिहून खोडलेलं आहे हे एका ओळीत, माझा शेरा न घालता. ग्रंथवाले ती ओळ काढतील, मला खात्री आहे. प्रूफ मी स्वतः बघणार असं लिहून घेतलं आहे.

संध्याकाळी आईकडे गेलो. तिचं वय तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षा जास्त झालं. घर तिच्या नावावर झालं, पण त्या शुक्रवारनंतर पुष्कळ वर्षांनी, दुसऱ्याच कायद्याने, आणि तोवर वस्तीतली सात घरं दोनदा पाडून झाली होती. त्यातलं एक माझ्या मावशीचं. आईने विचारलं, काय निघालं पेटीत. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे त्याले मालूम होतं." मी म्हटलं, हो. "अन् तुले?" तिने हाच प्रश्न त्या शनिवारी विचारला होता, पेपर हातात घेऊन. मी तेव्हा म्हटलं होतं, नाई. आताही तेच म्हणालो.

तुमच्यासमोर मात्र तारीखवार लिहितो, कारण हा कागद कुठे जाणार नाही. शुक्रवारच्या कामकाजाची यादी त्या रविवारी सकाळपासून माझ्या मशीनशेजारीच पडलेली होती. आमचं विधेयक दुसऱ्या क्रमांकावर होतं, मी ते तुम्ही आंघोळीला गेला असताना वाचलं होतं. "इथे जागा सोड" म्हणालात तेव्हा मी टिंबं मारली नाहीत. त्या विधेयकाच्या नावाची अक्षरं मनात मोजली आणि मशीनवर बरोबर तेवढी जागा सोडली, दीड ओळ. तुम्ही पान हातात घेऊन बघत होता ते त्या दीड ओळीकडे. मला ठाऊक आहे हे तुम्हाला कळलं आणि तुम्हाला कळलं हे मला. मी समोर येऊन तोंड उघडलं असतं तर तुम्ही खाली बसून उत्तर दिलं असतं, तुमचा तसा नियमच होता. मग कदाचित मी वस्तीत जाऊन सांगितलं असतं, आणि शुक्रवारी गाडी धरायला निघालेल्या आमदारांपैकी एकाला तरी कोणी नागपूर स्टेशनवर अडवलं असतं. एकच मत लागत होतं. पण त्या पानानंतर मला दुसरं पान टाइप करायचं होतं. अर्जनवीसाच्या परवान्यासाठी तुमचं शिफारसपत्र, माझ्याच नावाचं, त्यावर तुमची सही व्हायची होती. मी नवा कागद लावला.